उचलता येईल ते ज्याचं त्याचं

आमच्या घरातला सोफा आम्ही दोघांनी मिळून घेतला आणि घर माझ्या नवऱ्याने एकट्याने घेतलं. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा मला दुरुस्त करायला जातो. त्याला वाटतं, बाईंच्या बोलण्यात काहीतरी उलटंपालटं झालं. काही झालेलं नाही. सोफ्यासाठी आम्ही एक अख्खा हिवाळा फर्निचरची दुकानं पालथी घातली, दिसेल त्या सोफ्यावर बसून पाहिलं, विक्रेत्यांना अगदी नको नको केलं. घराच्या कागदांवर मात्र ह्यांनी एका दुपारी सह्या केल्या, ते घडी करून शर्टाच्या खिशात घातले आणि जेवताना मीठ मागावं तशा आवाजात मला सांगितलं, की पुढच्या महिन्यात आपण राहायला जातोय.

मला भांडताही आलं नाही. नियम माझाच होता.

त्या नियमाचं असं झालं. लग्नानंतर आम्ही एका जुन्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. हे लिफ्टचे मेकॅनिक. शहरभरच्या लोकांना वर-खाली नेण्याची जबाबदारी ह्यांची, आणि स्वतः राहायचे बिनलिफ्टच्या इमारतीत. त्यात काही गंमत आहे हे त्यांना आजतागायत पटलेलं नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी खालून हाक आली. डोकावून बघते, तर रस्त्यावर हत्तीएवढं लाकडी कपाट आणि त्याच्या शेजारी आमचे हे. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं म्हणे. हमालाने जिना पाहिला आणि तो तिथूनच पसार झाला होता.

"जरा हात लाव," हे म्हणाले.

जरा! अर्ध्या जिन्यापर्यंत मी हात लावला. तिथे वळणावर कपाटाचा कोपरा माझ्या बोटांवर आला आणि माझा तिळपापड झाला. मी माझी बाजू तिथेच टेकवली आणि खालच्या-वरच्या सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जे उचलायला मला बोलवावं लागतं, ते घ्यायच्या आधी मला विचारायचं! जे तुम्हाला एकट्याला उचलता येतं ते खुशाल घ्या. मी तोंड उघडणार नाही."

"आणि तू?" कपाटाच्या पलीकडून आवाज आला.

"मीपण तेच."

"चालेल," ते म्हणाले. आणि खरंच त्यांना ते चाललं. त्यांच्या धंद्यात प्रत्येक लिफ्टमध्ये पाटी असते, इतकी माणसं, इतकं वजन, त्याच्यावर नाही. जगातला प्रत्येक प्रश्न तसाच सुटावा असं त्यांना मनापासून वाटतं. बायकोने इतका सरळ नियम दिल्यावर त्यांना माझ्याबद्दल आदरच वाटायला लागला.

तेव्हा मला काय माहीत, की जड वस्तू स्वस्त असतात आणि महागाच्या सगळ्या गोष्टी खिशात मावतात.

पुढे संसार वाढला. फ्रिज दोघांनी घेतला. कपडे धुण्याचं मशीन दोघांनी घेतलं. गादी घेताना तर आम्ही कमाल केली. गादीच्या दुकानात बूट काढून शेजारी शेजारी आडवं पडायचं, छताकडे बघायचं आणि पाठीला काय वाटतंय ते एकमेकांना सांगायचं. पाठीवरून गोष्ट कुठे कुठे जायची. त्यांच्या लहानपणी त्यांना घरात एकट्याला कोंडून ठेवायचे, हे मला गादीच्या दुकानात कळलं. खरं सांगते, आमच्या संसारातले सगळ्यात गोड दिवस अशा दुकानांत गेले. विक्रेते बिचारे ताटकळत उभे राहायचे आणि आम्ही "बघून सांगतो" म्हणून हात हलवत बाहेर पडायचो.

आणि ज्याचं त्याचं जे होतं, ते ज्याचा तो करत होता. ह्यांनी विमा काढला, शेअर घेतले, विकले, बहुतेक चुकीच्या दिवशी. घर घेतलं. घर मला आवडलं, म्हणून तर राग जास्त आला. मीही काही हात बांधून बसले नव्हते. धाकट्या बहिणीच्या कर्जाला जामीन राहिले, ह्यांना सांगितलं नाही. लेकीला कुठल्या कॉलेजात घालायचं ते मी ठरवलं आणि फी भरून मोकळी झाले. पावती कागदाची. एका हातात मावली. ह्यांनी ती बघितली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "बरं." नंतर तर कागदही गेला. सगळं फोनवर आलं. पैसा असा दिवसेंदिवस हलका होत गेला आणि आमचा नियम होता तिथेच राहिला.

लेकीला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. ती आणि आमचे जावई आजच्या काळातले. त्यांच्या फोनमध्ये काहीतरी आहे, त्यात दोघांचा प्रत्येक खर्च दोघांना दिसतो आणि अर्धा अर्धा होतो. "आई, आम्ही छत्रीसुद्धा विचारून घेतो," ती मोठ्या अभिमानाने म्हणाली. घेत असतील. त्या छत्रीच्या रंगावरून दोघांनी आठवडाभर अबोला धरला होता, तेही मला तिनेच सांगितलं. आमच्यात असलं भांडण कधी झालं नाही. भांडायला आधी कळावं तर लागतं.

आता दुकानाचं सांगते.

मी पडद्यांच्या दुकानात काम करते. आधी नुसती शिवायचे, मग मापं घ्यायला जाऊ लागले, मग कापड निवडून द्यायला लागले. शेवटी शेवटी गिऱ्हाईकं आत आली की मालकीणबाईंकडे न बघता सरळ माझ्याकडे यायची. पडदा शिवणं म्हणजे चार सरळ शिवणी, असं लोकांना वाटतं. वाटू दे. धुतलेला पडदा खिडकीला आखूड व्हायला लागला की येतातच माझ्याकडे. मालकीणबाई तोंडाने फटकळ, पण हिशोबाला चोख. त्यांचे गुडघे गेले होते. एक दिवस टाके घालता घालता त्या म्हणाल्या, "मी आता मुलाकडे जाऊन राहणार. जागेवर तो मोबाइलची कव्हरं विकणारा टपून बसलाय. पण तू घेत असलीस तर तुला देईन. भाडेकरार, मशीनं, माल, गिऱ्हाईकं, सगळं. महिनाअखेरपर्यंत सांग. त्यानंतर मी कुणाची वाट बघणार नाही."

त्यांनी रक्कम सांगितली. वाजवी होती.

मला ते दुकान हवं होतं. आयुष्यात इतकं काही हवं होतं असं मला आठवत नाही. लग्न ठरलं तेव्हाही मी "बघू" म्हणाले होते. दुकानाचं ऐकल्यावर मात्र मी हातातला पडदा उलट्या बाजूने शिवून ठेवला.

पैसे होते. आमची दोघांच्या नावाने बँकेत ठेव होती. लेकीच्या लग्नातून उरलेले, ह्यांच्या बोनसचे, माझ्या पगारातले, असं थोडं थोडं टाकत आम्ही ती वाढवली होती. दोघांपैकी कोणीही सही केली तरी चालेल, अशी ठेव. त्याशिवाय माझे स्वतःचे वेगळे होते. सुट्टीच्या दिवशी घरी बसून मी बाहेरचे पडदे शिवायचे, त्याचे पैसे दुसऱ्या एका बँकेत, माझ्या एकटीच्या खात्यात. ह्यांना वाटायचं, त्यातून माझ्या साड्या आणि भिशी चालते. माझ्या त्या पैशातही दुकान आलं असतं. पण ते माझे होते. दुकानासाठी दोघांचे काढायचे, हे मी मनात पक्कं केलं होतं. त्यात मला तेव्हा काही वावगं दिसलं नाही.

नियमाने मी गुपचूप जाऊन सही करून येऊ शकत होते. पण आनंद पोटात मावेना. संध्याकाळी ह्यांच्या कानावर घातलं, नुसती माहिती म्हणून. हे जेवायचे थांबले. मग म्हणाले, "दुकानात ते कापायचं टेबल आहे ना? मोठं?"

"आहे."

"एकट्याला उचलतं?"

ते टेबल चार माणसांना हलत नाही. कापडाचा पूर्ण तागा उलगडता यावा म्हणून मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी करून घेतलेलं, जाड लाकडाचं, खाली लोखंडी पाय.

"नाही," मी म्हणाले.

"मग हे दोघांचं झालं. नीट बघून ठरवू."

आपल्याच नियमात मी अशी अडकले. पण खोटं कशाला बोलू, वाईट नाही वाटलं. दुसऱ्या दिवशी हे कामावरून थेट दुकानात आले, हातात मोजपट्टी आणि बॅटरी. टेबलाची लांबी मोजली, रुंदी मोजली. दार मोजलं. उद्या जागा सोडावी लागली तर टेबल दारातून निघेल का, हा प्रश्न त्यांना पडला. मग ते टेबल मुळात आत आलं कसं, हा पडला. लाकडाला भुंगा लागलाय का ते बघायला कान लावून ठोकून पाहिलं. त्यानंतर आम्ही जुन्या बाजारात गेलो, तसलं टेबल दुसरीकडे केवढ्याला मिळतं ते बघायला. मिळतच नव्हतं, म्हणून दुसऱ्या बाजारात गेलो. येताना चहा प्यायलो. पुन्हा एक दिवस मशीनं बघायला गेलो. पुन्हा चहा. ह्यांनी मला विचारलं, दुकानाचं नाव बदलणार का. मी म्हणाले, नाव तेच, पाटी नवीन. पाटीचा रंग कोणता यावर आम्ही तरुण मुलांसारखे फुटपाथवर उभे राहून बोललो. बाजूने माणसं धक्के देत जात होती आणि आम्हाला शुद्ध नव्हती.

महिना संपत आला होता आणि मला मजा येत होती! ह्याचा मला अजून राग येतो.

मालकीणबाईंनी शेवटी कात्री खाली ठेवली. "तुझ्या नवऱ्याला दुकान घ्यायचंय की टेबल?" त्या म्हणाल्या. "तो कव्हरवाला काल आगाऊ रक्कम घेऊन आला होता. मी त्याला दोन दिवस थांबवलाय. तुझ्यासाठी. पुढे नाही."

माझे डोळे उघडले. दुपारच्या सुट्टीत मी तशीच उठले आणि बँकेत गेले. म्हटलं, पुरे झालं मोजणं. ठेव मोडायची, पैसे मालकीणबाईंच्या हातात द्यायचे आणि ह्यांना संध्याकाळी सांगायचं, मीठ मागावं तशा आवाजात.

काउंटरवरच्या मुलीने नाव घातलं, कॉम्प्युटरकडे बघितलं, पुन्हा घातलं. मग तिने आवाज खाली आणला. डॉक्टर आणतात तसा.

"ही ठेव तर मोडलेली आहे, मॅडम. मागच्या वर्षीच्या आधीच्या वर्षी. सरांची सही आहे."

मी तिला विचारलं, सगळी? ती म्हणाली, सगळी. मग तिने मला पाणी हवंय का विचारलं. मी नको म्हणाले आणि पाणी न पिता बाहेर आले. बाहेर आल्यावर आत जाऊन ते पाणी मागावंसं वाटलं. पण लाज वाटली.

दुकानात आले तर मालकीणबाई एका गिऱ्हाईकाकडे मापं घ्यायला गेलेल्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. फक्त कापायच्या टेबलाखालून दोन बूट बाहेर आलेले दिसत होते. आमचे हे जेवणाच्या सुट्टीत येऊन, आडवे पडून टेबलाचे पाय तपासत होते. ठक ठक ठक.

"बँकेत जाऊन आले," मी म्हणाले.

ठकठक थांबली.

"ठेव नाहीये तिथे."

टेबलाखालची बॅटरी विझली. मग आवाज आला, "हो."

"हो काय?"

"नाहीये."

"बाहेर या आधी."

"इथेच बरंय," हे म्हणाले.

त्यांचं सगळं आयुष्य लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून वरच्या माणसाशी बोलण्यात गेलंय. त्यांना खालूनच नीट बोलता येतं. मी स्टूल ओढलं आणि माझ्या नवऱ्याच्या बुटांसमोर बसले.

"तो जाड्या आठवतो?" बूट म्हणाले. "आमच्या कंपनीत होता तो. त्याने नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. लिफ्टची देखभाल. मला म्हणाला, भागीदार हो. मला वाटलं, किती दिवस दुसऱ्याच्या कंपनीच्या पाट्या ठोकत फिरायचं. एकदा स्वतःच्या नावाची असावी. सहा-सात इमारतींचं काम मिळालंही. मग त्यांनी पैसे थकवले. मग सामान उधारीवर आणायला लागलो. मग जाड्या मेव्हण्याकडे निघून गेला, दुसऱ्या गावी. आता फोन उचलत नाही."

"आणि पैसे?"

"तेच सांगतोय ना."

"मला का नाही विचारलंत?"

"कागद होता," ते म्हणाले. चेष्टेने नाही. धंद्याच्या बाबतीत ते कधीच चेष्टा करत नाहीत. "एकट्याची सही चालत होती."

माझ्या तोंडाला नुसता फेस यायचा बाकी होता. मी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, पण जाड्याचा मेव्हणासुद्धा त्यातून सुटला नाही. शेवटी धाप लागली तेव्हा खरा प्रश्न सुचला.

"पैसेच नव्हते, तर इतके दिवस मोजत काय होतात? हे टेबल, ते दार, तो बाजार? माझा सगळा महिना फुकट घालवलात!"

बूट जरा आत ओढले गेले.

"पहिल्याच दिवशी सांगणार होतो," आवाज आला. "जेवताना. पण टेबलाचं निघालं, आणि मी म्हणून बसलो, नीट बघून ठरवू. मग आपण बाजारात गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. सोफ्यानंतर आपण दोघं कुठे गेलोच नव्हतो." मग ते म्हणाले, "रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आज चहा पिऊन येऊ, उद्या सांगू."

मला रडू येत होतं आणि त्यांना एक लाथ घालावीशीही वाटत होती, आणि पायाच्या अंतरावरच होते ते.

"तुझं दुकान माझ्यापायी गेलं," खालून आलं. आवाज फुटला होता. ह्यांना रडताना मी सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर हेच.

आता मी गप्प बसायला हवं होतं. निदान संध्याकाळपर्यंत तरी. त्यांना चांगलं तळमळू द्यायचं होतं. पण मला जमलं नाही.

"गेलं नाही," मी म्हणाले. "माझ्याकडे आहेत."

"काय?"

"पैसे. माझे. वेगळे."

डोकं आपटल्याचा आवाज आला आणि हे बाहेर आले. केसांना दोरे चिकटलेले, गालावर धूळ, तिच्यातून ओघळ. जमिनीवर बसूनच त्यांनी विचारलं, किती. मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात आकडेमोड केली. हिशोब त्यांना पक्का येतो, फक्त वेळेवर येत नाही.

"एवढ्यात तर दुकान येतं."

"येतं."

"टेबलासकट?"

"टेबलासकट."

"मग तू ठेव मोडायला कशाला गेली होतीस?"

हा प्रश्न मला कुणी विचारेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी तर आरोप करायला बसले होते. "असावेत थोडे बाजूला," मी म्हणाले. "अडीअडचणीला."

"कुणाच्या?"

मी टेबलावरची खडूची पूड पुसायला लागले.

"म्हणजे दुकान बुडालं असतं," हे सावकाश म्हणाले, "तर दोघांचे पैसे बुडाले असते. तुझे राहिले असते."

"दुकान बुडणार नव्हतं!"

"माझंही बुडणार नव्हतं."

मग त्यांनी डोळे पुसले, मीटरवरचा आकडा वाचावा तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मी घालवले ते दोघांचे होते. तू साठवलेस ते तुझे एकटीचे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ठेव रिकामी केली कुणी आणि उभं कोण राहिलंय पिंजऱ्यात! मी चांगली पाच-सहा उत्तरं जुळवली. मी सुट्टीच्या दिवशी राबले म्हणून साठले. तुमच्या जाड्यांसाठी नाही साठवले. नियम मीही पाळला, तुम्हीही पाळला. सगळी बरोबर होती. आणि एकही तोंडातून बाहेर येईना, कारण त्यातल्या एकातही त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. इतक्यात मालकीणबाई हाशहुश करत आत आल्या. आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे त्यांनी बघितलं आणि विचारलं, "टेबलाला भुंगा निघाला का?"

हे उठले, बॅटरी खिशात घातली आणि गेले.

त्या संध्याकाळी आम्ही जेवलो, भांडी घासली, बातम्या बघितल्या. लेकीचा फोन आला, तिला दोघांनीही सगळं छान आहे असं सांगितलं. तेवढं एक खोटं आम्ही न ठरवता मिळून बोललो.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या खात्यातले पैसे काढले. बसमध्ये बसून मी सगळ्या रस्त्याने एकच विचार करत होते. एका थांब्यावर वाटायचं, दुकान माझ्या एकटीच्या नावावर घ्यायचं आणि ह्यांना पाटी लांबून दाखवायची. पुढच्या थांब्यावर वाटायचं, दोघांचं नाव घालायचं, म्हणजे त्यांचं ते वाक्य मिटेल आणि मला जरा मोठेपणाही मिळेल. एक सुडाने आणि एक तोऱ्याने. तिसरं काही सुचत नव्हतं.

मालकीणबाईंनी करार पुढे ठेवला. चष्मा नाकावर खाली आणून त्या म्हणाल्या, "नाव घाल इथे. एकटीचं घालणार की दोघांचं? जागा आहे दोघांना."

मी पेन उघडलं. पेन बंद केलं. आणि फोन लावला.

"कुठे आहात?"

"खड्ड्यात," हे म्हणाले. मागे साखळीचा आवाज. "वर येऊ का?"

"नका येऊ. तिथूनच बोला." मी दुकानाच्या दारापाशी गेले. "करारावर नाव कुणाचं घालू?"

पलीकडे नुसती साखळी खडखडत राहिली. मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नाही.

"हलका कागद आहे," मी म्हणाले. "एका हातात उचलतो. तरी विचारतेय."

साखळीचा आवाज थांबला. त्यांनी कुणाला तरी वरची लिफ्ट धरून ठेवायला सांगितली.

"किती नावं बसतात?"

"दोन."

"तुझंच घाल," ते म्हणाले.

मला अचानक राग आला. "रुसून सांगताय?"

"नाही गं." ते म्हणाले. "माझं नाव असलं तर उद्या आणखी कोणीतरी जाड्या येईल, आणि मी एकटाच जाऊन सही करून येईन. तुला कळणारही नाही. मला माहीत आहे ना मी कसा आहे ते."

आमच्या संसारात पैशाचा एकही कागद आम्ही दोघांनी मिळून ठरवला नव्हता. हा पहिला. आणि मिळून काय ठरलं, तर दोघांचं नको म्हणून. हसावं की रडावं ते कळेना. मालकीणबाई आतून खाकरल्या. कव्हरवाला रस्त्याच्या पलीकडे उभा राहून आमच्या दुकानाच्या रुंदीकडे बघत होता.

"मग मी तुम्हाला विचारलं कशाला?" मी म्हणाले.

"विचारत जा," हे म्हणाले. "मी हेच सांगेन. पण विचारत जा."

मी आत आले आणि माझं नाव लिहिलं. मालकीणबाईंनी विचारलं, काय म्हणतो नवरा. मी म्हणाले, हो म्हणतात. मग त्यांनी मला नाक पुसायला अस्तराचा एक तुकडा दिला आणि पैसे मोजायला घेतले.